पाकोळीची जात

पाकोळी गोव्यात मांद्र्याला आली ती भाजीच्या टेम्पोतून. अर्धी दादूच्या मांडीवर आणि अर्धी कोबीच्या पोत्यावर. गडहिंग्लजच्या पूर्वेकडचं गाव सोडल्यापासून आंबोलीचा घाट उतरेपर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. उलटी नाही की कुईकुई नाही. समोरच्या काचेतून रस्ता बघत होती, आणि एखादं वासरू आडवं पळालं की तिच्या अंगातून बारीक थरथर जायची. ती दादूला मांडीवर कळायची.

दादू गेली अकरा वर्षं मांद्र्यात गुरुदासशेटकडे होता. समुद्राच्या वाटेवर शेटनं पर्यटकांसाठी बारा खोल्या बांधल्या होत्या. त्यांचा पंप, त्यांचे नळ, माडांचं पाणी, फाटकाची कडी, सगळं दादूकडे. त्याच्या कामाला नाव नव्हतं आणि त्याच्यावाचून एक काम होत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घरात त्याला कुणी काही विचारलं असेल तर ते ‘पाणी का येत नाही’ एवढंच. म्हणून शेटचा मुलगा रुद्रेश एके दिवशी मोबाईल पुढे करून म्हणाला, “दादू, ही जात तुमच्या वाटेन गावता मरे?” तेव्हा दादूला आधी वाटलं, तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय.

मोबाईलवरचा कुत्रा त्यानं बघितला. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, वेताच्या काठीसारखे पाय. खाली नाव होतं मुधोळ. दादूच्या गावात ह्यालाच कारवानी म्हणत.

“गावतं की,” दादू म्हणाला. “आमच्या घरातच हाय. बा पाळायचा, आता धाकटा भाऊ पाळतो.”

त्या धाकट्या भावाकडून, अनिलकडून, पिल्लू मिळवणं मात्र सोपं नव्हतं. वडील गेल्यावर शेत दोघांचं राहिलं, कुत्री अनिलची झाली. दादू गोव्यात, आणि कुत्र्याला रोज माणूस लागतं. अनिल पिल्लं विकत नसे आणि तालुक्याबाहेर देत नसे. गोठ्याच्या दारात बसून त्यानं दादूला पोरीचं स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न विचारले.

“पळवणार कोण?”

“मी.”

“रान हाय काय तिथं?”

“समुद्राचा काठ हाय. हरमलपतूर सपाट वाळू.”

“साखळीला बांधशिला?”

“न्हाई.”

अनिलनं आठ महिन्यांची कुत्री पुढे घेतली, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि दोरी दादूच्या हातात दिली. “मी तुझ्या मालकाला देत न्हाई. तुला देतोय. ध्येनात ठेव.”

मांद्र्यात पहिले काही दिवस पाकोळीचं कुणालाच कौतुक वाटलं नाही. गुरुदासशेटनं तिला बघितलं आणि कपाळावर हात मारला. “दादू, हिच्या बरगड्यो मोजूक येतत रे! गिरायकां म्हणतली, उपाशी दवरलां.” आणि तसंच झालं. तीन नंबरच्या खोलीतली परदेशी बाई रोज तिच्यापुढे उकडलेली अंडी ठेवू लागली. दादूनं सगळ्यांना समजावलं, की ह्या जातीच्या तीन बरगड्या दिसल्या तर कुत्रं तब्येतीत आहे असं समजायचं. नाही दिसल्या तर ते पळणार नाही. शेटची बायको सुमंगला तिच्यासाठी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे पाव दुधात कुसकरून ठेवायची. पाकोळी खायची, पण सुमंगलानं हात पुढे केला की एक पाऊल मागे सरायची. चावणं नाही, गुरगुरणं नाही, फक्त ते एक पाऊल.

“मान आसा हिका,” सुमंगला म्हणायची. तिला त्याचा राग येत नसे.

रुद्रेशला मात्र आला. त्याला फाटकावर भुंकणारा कुत्रा हवा होता. पाकोळी भुंकतच नसे. अनोळखी माणूस आत आला की ती उठून उभी राहायची आणि त्याच्याकडे बघायची, बस्स.

“हे कसलें सुणें हाडलंस रे? मोनें,” रुद्रेश म्हणाला. सुणें म्हणजे कुत्रं आणि मोनें म्हणजे मुकं.

“बाब, ही राखणीची न्हवं. पळायची जात हाय. तुम्ही एकदा सकाळी काठावर या.”

रुद्रेश आला तो महिन्याभरानं, मित्राची नवी मोटारसायकल घेऊन. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. दादूनं पाकोळीची दोरी सोडली. रुद्रेशनं गंमत म्हणून गाडी तिच्यापुढून दामटली. पाकोळीनं मान खाली घातली आणि सुटली. ती पळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडत, पाठ धनुष्यासारखी वाके आणि सुटे, आणि मध्येच एक क्षण असा येई की चारांतला एकही पाय वाळूवर नसे. किनाऱ्यावरची सात-आठ मोकाट कुत्री भुंकत मागे लागली आणि शंभर पावलांत मागे राहिली. मोटारसायकलला तिनं गाठलं, तिच्या पुढे गेली, मग पुढे काहीच पळताना दिसेना म्हणून थांबली आणि वळून उभी राहिली. धापसुद्धा फारशी लागली नव्हती.

रुद्रेश गाडीवरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

त्या दिवसापासून दादूचेही दिवस बदलले. रुद्रेशचे मित्र यायचे, पाकोळीला बघायचे आणि दादूला बोलवायचे. घरापुढे बाल्कांव होता, दोन्ही बाजूंना बसायला कट्टे असलेला. अकरा वर्षांत दादू त्याच्या पायऱ्या झाडायला तेवढा चढला होता. आता त्याला तिथं बसवून घेत, चहाचा कप हातात देत आणि विचारत. दादू सांगायचा. ही जात नाकावर नाही, नजरेवर शिकार करते. माळाच्या पार टोकाचा ससा हिला दिसतो, पण गवतात दडलेला पायाखालचा दिसत नाही. हिच्या अंगावर चरबीचा थर नसतो, कातडं कागदासारखं पातळ. काटा लागला तरी फाटतं. ही एका माणसाची होते. शिकार नजरेआड झाली की ही वास काढत हिंडत नाही, जिथं शेवटचं बघितलं तिथंच उभी राहते. हे सगळं त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलेलं होतं आणि त्यातलं अक्षर खोटं नव्हतं. बोलताना दादूला स्वतःचाच आवाज नवा वाटायचा.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गौरेश आणि स्वप्नील आले. दोघंही शिरगावचे, डिचोलीकडचे. गौरेशच्या घरची डोंगरावर काजूची बाग होती, आणि रानडुकरांनी तिथले कणगीचे कंद उकरून खाल्ले म्हणून तो वैतागला होता. पाकोळीकडे बघून तो म्हणाला, “दादू, ही डुकराक भिडतली?”

दादूच्या हातात कप होता. उत्तर त्याला पाठ होतं. ते द्यायला एक शब्द पुरला असता.

तो चौदा वर्षांचा असताना गावात एक डुक्कर उसात शिरलं होतं. सगळा गाव काठ्या घेऊन बाहेर पडला, आणि लोकांनी भरीस घातलं म्हणून वडिलांनी वाघ्याला सोडलं. वाघ्या म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला कुत्रा. डुकरानं एकदाच मान वळवली. वडील वाघ्याला खांद्यावर टाकून घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा सदरा कमरेपर्यंत ओला झाला होता. दिवस मावळायच्या आत तो गेला. बांधावर खड्डा दादूनं आणि दहा वर्षांच्या अनिलनं खणला. त्यानंतर वडील महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

“आमच्या बाचा वाघ्या हुता,” दादू म्हणाला. “ह्याच रक्ताचा. एकदा उसात डुक्कर शिरलं. अडीच मणाचं असंल. बानं वाघ्याला सोडला.”

“आणि?”

गौरेश पुढे वाकला होता. स्वप्नीलनं मोबाईल खाली ठेवला होता. आत दारात गुरुदासशेटही येऊन उभा राहिला होता, हात मागे बांधून.

“आणि काय,” दादू म्हणाला, “कान धरला त्यानं. सोडलाच न्हाई. लोळवला डुकराला.”

आपण काय बोलतो आहोत हे त्याला बोलताना कळत होतं. पण चार माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांतला एक शेट होता. पुढे तर त्यानं वाघ्याला हार घालून गावातून मिरवलाही. मंडळी खूश झाली. स्वप्नीलनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

जानेवारीतल्या एका रविवारी शेटनं दादूला पंपाची मोटर घेऊन पेडण्याला पाठवलं. मोटर तातडीनं दुरुस्त करण्यासारखी नव्हती, पण दादूनं विचारलं नाही. तो दुपारी परत आला तेव्हा पाकोळीची जागा रिकामी होती. गोणपाट होतं, पाण्याचं भांडं होतं, खुंटीवरची दोरी नव्हती.

“वैनी, पाकोळी?”

सुमंगला तुळशीपाशी वात करत बसली होती. “रुद्रेश व्हरून गेलो. गाडयेतसून. शिरगावच्या वाटेन.”

“कशाला?”

ती वात वळत राहिली. दादूला मात्र कळलं. त्यानं रुद्रेशला फोन लावला. सहा वेळा लावला. मग तो फाटकात जाऊन उभा राहिला आणि अंधार पडेस्तोवर तिथंच होता.

गाडी आली. तिघं उतरले, मागचं दार कुणी उघडलं नाही.

“पळाली तुझी कुत्री,” रुद्रेश म्हणाला. तो दादूकडे बघत नव्हता. “सोडली तशी सुटली ती गेलीच. हाका मारून घसो बसलो. गेली असतली तुझ्या गावाक.”

“डुकरावर घातली?”

“खंयचो डुकर? फिरवूक व्हरलेली.”

“पळपुटी जात,” गौरेश म्हणाला, आणि तो नि स्वप्नील आपल्या गाडीकडे गेले.

दादूनं रात्री गाडी धुतली, कारण ती धुणं त्याचंच काम होतं. पाकोळीचा पट्टा मागच्या आसनाखाली होता. बकल नीट उघडून काढलेलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला वाळलेलं रक्त होतं आणि त्याला तिचे आखूड, मातकट केस चिकटले होते. पट्टा खिशात घालून तो आपल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं रुद्रेशला तीनदा विचारलं, कुठं, नेमकं कुठं. रुद्रेश तिसऱ्यांदा ओरडला. शेट म्हणाला, “एका सुण्यासाठी कितें चलयलां हें? दुसरें हाडूंया.”

मंगळवारी पहाटे दादू माडांना पाणी सोडायला उठला तेव्हा सुमंगला विहिरीपाशी उभी होती. डोळे सुजलेले. तिनं आपल्या स्कूटरची चावी त्याच्या हातात ठेवली.

“फोनार बोलताना आयकलां मियां,” ती म्हणाली. “शिरगावच्या वर, बंद खाणीची माती घातल्या ना, थंय गौरेशची काजू. डुकरान फाडलां तिका. जिती हुती रे. जंगल खात्यावाले येतले म्हणून भियेले आणि टाकून आयले.” मग थोडं थांबून म्हणाली, “कालच सांगूक जाय हुतां. पण मी ताची आवय.”

दादूनं चावी घेतली.

शिरगावचा डोंगर चढेपर्यंत ऊन आलं होतं. खाण बंद होऊन वर्षं झाली तरी रस्त्याची धूळ अजून लालच होती. झाडांच्या पानांवर, कुंपणांवर, घरांच्या भिंतींवर. काजूच्या बागेत दादू तासभर हिंडला. ‘पाकोळी, पाकोळी’ म्हणून हाका मारल्या. दाट झाडोरा, खाली करवंदीची जाळी, दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. उघड्या माळावर जन्मलेल्या, डोळ्यांवर जगणाऱ्या कुत्रीला ह्या जाळीत सोडलं होतं. तिला डुक्कर दिसलं असेल ते अंगावर आल्यावरच. एका जागी जमीन उकरलेली होती आणि पाल्यावर काळे डाग होते. तिथून फरफटल्याची खूण निघत होती. ती खूण घराकडे जात नव्हती, पाण्याकडेही नाही. ती खाली रस्त्याकडे जात होती.

रस्त्याच्या वळणावर एक कौलारू घर होतं. अंगणात एक म्हातारी मिरच्या वाळत घालत होती. दादूनं विचारायच्या आत तिनंच हात केला. “तुजी ती? थंय पडल्या बघ.”

गाडी उभी करायला म्हणून रस्त्याकडेला थोडी सपाट जागा होती. टायरांच्या खुणा अजून होत्या. त्या खुणांच्या मधोमध पाकोळी पडली होती. डावी मांडी आणि कुशीचं कातडं उलटं झालेलं, त्यावर माशा. पण मान वर होती, आणि डोळे रस्त्याच्या वळणाकडे.

“दोन दीस हंयच आसा,” म्हातारी म्हणाली. तिचं नाव चंद्रावती. “मी पेज घातली, ती खाली. घरात घेवक गेलें, आयली ना. गाडयेचो आवाज आयलो की मान उखलता, बघता, परत खाली घालता.”

दादू खाली बसला. ती ज्या जागी होती तिथून वळणापर्यंतचा रस्ता सरळ दिसत होता, आणि वळणापुढे काही दिसत नव्हतं. तिघांची गाडी तिथवर तिला दिसली असणार. तिची जात तिथंच थांबते, असं त्यानंच चहा पीत पीत सगळ्यांना सांगितलं होतं. पाकोळीनं त्याला बघितलं. शेपटी एकदा धुळीत हलली. त्यानं उचललं तेव्हा ती कळवळली, पण चावली नाही.

चंद्रावतीनं जुनं लुगडं दिलं. तिच्या पुतण्यानं रिक्षा काढली. डिचोलीला जनावरांचे दवाखाने दोन. एक उघडा होता. डॉक्टरीण तरुण होती, सेजल नाव. तिनं जखम धुतली, दोन्ही हातांनी कातडं जुळवून बघितलं आणि विचारलं, “कशानं झालं?”

“काटेरी तारेत घुसली,” दादू म्हणाला.

सेजलनं मान वर केली. “तारेचे दात असे खोल जात नाहीत, काका.”

दादू पायाशी बघत राहिला.

“ह्या जातीला भूलसुद्धा जपून द्यावी लागते. अंगात चरबी नाही. जरा जास्त झाली तर उठायची नाही.” ती सुईत औषध ओढत होती, बोलताना हात थांबत नव्हते. “हिला डुकरावर कुणी सोडलं? ज्याला ही जात ठाऊक आहे तो असं कधीच करणार नाही.”

“मला ठावं हाय ही जात,” दादू म्हणाला.

“मग?”

दादूनं पाकोळीची मान धरून ठेवली. सेजलनं सुई टोचली. “जंगल खात्याकडे तक्रार करायची असेल तर मी लिहून देते. तुम्ही नावं सांगा.”

नावं त्याच्या जिभेवर होती. तिन्ही. त्यांच्या मागोमाग अकरा वर्षांचं काम, राहायची खोली, आणि बाल्कांवात बसून सांगितलेला वाघ्या. नावं सांगितली तर तिघं काय सांगतील हेही त्याला माहीत होतं.

“तारच हुती, बाई,” तो म्हणाला.

ती कामाला लागली. दोन तास शिवत होती. पाकोळी वाचली. डाव्या मांडीची शीर तुटली होती. पाय अंगाला राहील, पण जमिनीवर टेकणार नाही, असं सेजलनं सांगितलं. पळण्याबद्दल दादूनं विचारलं नाही.

चार दिवसांनी तो तिला मांद्र्याला घेऊन आला तेव्हा घरात सगळे होते. रुद्रेश तिला बघून पांढरा पडला, आणि मग त्याला राग आला. पांढरं पडल्याचाच राग असावा.

“तुम्ही जित्या कुत्रीचा पट्टा काढून घेतलासा,” दादू म्हणाला. त्या घरात तो असा कधी बोलला नव्हता. “पट्टा ध्येनात ऱ्हायला आणि ती न्हाई.”

“पट्ट्यार आमचो फोन नंबर हुतो!” रुद्रेश म्हणाला. “आणि माका कितें विचारता? कुणी सांगिल्लें, डुकराचो कान धरता म्हणून? कुणी सांगिल्लें, तुझ्या बापायच्या सुण्यान लोळयलो म्हणून? हंय बसून सांगिल्लेंस ना? पप्पा, तुमी आयकिल्लें ना?”

गुरुदासशेटनं मान डोलावली.

“आमी तुझ्यार विश्वास दवरलो,” रुद्रेश म्हणाला.

दादूनं पाकोळीला खाली ठेवलं. ती तीन पायांवर उभी राहायचा प्रयत्न करत होती. “ते खोटं हुतं,” तो म्हणाला. “वाघ्या मेलता. डुकरानंच फाडलाता त्याला. मी खड्डा खणलाय त्याचा.”

मग रुद्रेश हसला, अगदी मोकळेपणानं हसला. अंगावरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसा. “म्हणजे सगळें तुझ्यामुळें जालें.”

सुमंगला आत निघून गेली.

शेटला भांडण नको होतं. पाहुण्यांचे दिवस होते, बाराही खोल्या भरलेल्या. “जालें तें जालें,” तो म्हणाला. “दोघांचीय चूक. हिका हंय मात दवरू नाका, गिरायकां बघून भियेतली. गावाक व्हरून सोड. आणि दादू, येताना दुसरें पिल्लू हाड. हें नाजूक निघालें. मातशें जाड बघून हाड.”

दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून टेम्पो परत निघाला तेव्हा दादू पाकोळीला घेऊन मागे, रिकाम्या क्रेटांमध्ये बसला. पुढे जागा होती, पण तिला आडवं झोपावं लागत होतं.

अनिल शेतातून नुकताच आला होता. दादूची बायको भागीरथी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि कुत्रीला बघून तशीच उभी राहिली. अनिलनं तांब्याकडे बघितलं नाही. तो उकिडवा बसला. त्यानं पाकोळीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, मग तो लोंबणारा पाय उचलला आणि अलगद सोडला. तिनं त्याचा हात चाटला.

“डुक्कर,” अनिल म्हणाला.

“व्हय.”

दादूनं सगळं सांगितलं. काही राखलं नाही. बाल्कांव सांगितला, चहा सांगितला, गौरेशचा प्रश्न आणि आपलं उत्तर सांगितलं. वाघ्याच्या गळ्यात घातलेला हारसुद्धा सांगितला. सांगून झाल्यावर अनिल शिव्या देईल, अंगावर येईल, असं त्याला वाटत होतं आणि तसं व्हावं असंही वाटत होतं.

अनिल बराच वेळ कुत्रीच्या कानामागं खाजवत बसला.

“बा मरतवेळी वाघ्याचं नाव घेत हुता,” तो म्हणाला. “तू गोव्यात हुतास. तुला म्हाईत न्हाई.”

“तू सांगितलं न्हाईस कधी.”

“काय सांगायचं त्यात.”

त्यानं पाकोळीला उचललं आणि गोठ्यात नेलं. आत दुसरी एक कुत्री व्यायली होती. अंधारात पिल्लांची चुळबुळ ऐकू येत होती. दादू सवयीनं मागोमाग निघाला. अनिल दारातच वळला, आणि दार त्याच्या पाठीमागं तसंच अर्धं लोटलेलं राहिलं.

“जेवून घे,” तो म्हणाला. “घर तुझंबी हाय, शेत तुझंबी हाय. कधीबी ये. कुत्र्यांकडं मातर येऊ नगंस.”

आवाज चढलेला नव्हता. दादू ‘बरं’ म्हणाला.

भागीरथीनं वाढलं. दादूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. शेटचा फोन दोनदा आला. जाड पिल्लाचं काय झालं, आणि पाच नंबरच्या खोलीत गरम पाणी येत नाही. दादूनं पहिल्या प्रश्नाला काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला म्हणाला, उद्या येतो.

पहाटे तो गोठ्यावरून गेला तेव्हा आतून पाकोळीची चाहूल लागली, तीन पायांची, अडखळती. ती दारापर्यंत आली असावी. दादूनं पाऊल थांबवलं नाही. संकेश्वरच्या फाट्यावर टेम्पो उभा होता. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मांद्र्याला पोचला तेव्हा अकरा वाजले होते, आणि पाच नंबरवाले पाहुणे पायऱ्यांवर त्याची वाट बघत बसले होते.